मलन घाट आणि मधल्या गावांची मालगाडी

हेलेना यार्डात कोळशाची गाडी उभी आहे. पुढे इंजिनं लागलेली आहेतच, तरी आणखी इंजिनं जोडली जात आहेत. समोर मलन घाट आहे.

हा अमेरिकेच्या मोंटाना राज्यातला मार्ग. नॉर्दर्न पॅसिफिक कंपनीने तो 1883 मध्ये पुरा केला. पुढे तो बर्लिंग्टन नॉर्दर्नकडे आला. या कंपनीकडे राज्य ओलांडायला उत्तरेचा मारियास खिंडीतला सोपा मार्गही होता. दक्षिणेला मात्र बोझमन आणि मलन असे दोन घाट. 1980 च्या स्टॅगर्स कायद्यानंतर नकोसे मार्ग दुसऱ्याकडे सोपवणं सोपं झालं होतं. 1987 मध्ये कंपनीने दक्षिणेचा मुख्य मार्ग 60 वर्षांच्या कराराने भाड्याने दिला. तो घेतला मोंटाना रेल लिंक या नव्या कंपनीने, मुख्यालय मिझूला. अशा मधल्या आकाराच्या कंपन्यांना तिकडे ‘रीजनल रेलरोड’ म्हणतात.

आता चढ पाहा. हेलेनाहून वर जाताना दर 100 मीटरला 2.2 मीटर. आकडा लहान वाटतो, पण कोळशाने भरलेली एक वाघीण सुमारे 130 टनांची आणि गाडीला अशा शंभरावर वाघिणी. सगळं वजन पुढच्या इंजिनांनी ओढलं, तर पहिल्या काही वाघिणींना जोडणाऱ्या कपलिंगवर इतका ताण येतो की ते तुटू शकतं. म्हणून हेल्पर इंजिनं गाडीच्या मध्ये किंवा मागे लावतात: पुढची ओढतात, मागची रेटतात. माथ्यावरचा बोगदा खंडाच्या जलविभाजकाखालून जातो. हेलेनाच्या बाजूला पडलेला पाऊस मिसुरी नदीतून अटलांटिककडे वाहतो, पलीकडचा पॅसिफिककडे. कोळसा भरून जातो तो पश्चिमेला, म्हणजे भरल्या गाडीच्या वाट्याला घाटाची तीव्र बाजू येते. परतीच्या रिकाम्या वाघिणींना सौम्य बाजू मिळते.

या लांब पल्ल्याच्या गाड्या बहुतेक बर्लिंग्टन नॉर्दर्नच्याच. लॉरेल यार्डात त्या नव्या कंपनीच्या ताब्यात यायच्या आणि पुढे तिचेच ड्रायव्हर त्या न्यायचे.

मला जास्त ओढ आहे ती इथल्या लोकल मालगाड्यांची. सॉमिलच्या सायडिंगवरून, म्हणजे बाजूच्या रुळावरून, लाकूड, थ्री फोर्क्सच्या बाजूचं सिमेंट आणि टाल्क, कुठे धान्य. एकेका ठिकाणी थांबायचं, सांधे बदलायचे, दोन-चार वाघिणी उचलायच्या. वेळ फार जातो, टनभार कमी. त्यातली एक गाडी तर पाइपलाइनचा तुटलेला तुकडा भरून काढायची. बिलिंग्जच्या रिफायनरीतून पेट्रोल-डिझेल पश्चिमेला नेणारी यलोस्टोन पाइपलाइन फ्लॅटहेड राखीव क्षेत्रातून जात होती. गळती झाल्या होत्या; 1990 च्या दशकात तिथल्या आदिवासी जमातींनी जमिनीचा करार पुढे वाढवायला नकार दिला. मग मिझूलाला इंधन टँकर वाघिणींत भरायचं, रेल्वेने थॉम्पसन फॉल्सला न्यायचं आणि तिथे पुन्हा पाइपात सोडायचं. रेल्वेवाले तिला ‘गॅस लोकल’ म्हणत.

या गाड्यांचं आयुष्य कारखान्यांशी बांधलेलं असतं. 2010 मध्ये फ्रेंचटाऊनचा पुठ्ठ्याचा मोठा कारखाना बंद पडला, तेव्हा तिथल्या वाघिणीही गेल्या.

जून 2023 मध्ये याच मार्गाचा यलोस्टोन नदीवरचा पूल कोसळला. डांबर आणि वितळलेलं गंधक भरलेल्या वाघिणी पाण्यात गेल्या.

तोवर हा मार्ग परत देण्याचं ठरून गेलं होतं. 1 जानेवारी 2024 पासून तो बीएनएसएफकडे, म्हणजे जुन्या मालकाच्याच वारसाकडे आला. करार 2047 पर्यंतचा होता. आता लॉरेलला गाडी एका कंपनीकडून दुसरीकडे सोपवावी लागत नाही. लांबच्या गाड्यांचं त्यात भलं आहे, हे मी मानतो. माझं लक्ष मात्र सॉमिलच्या त्या सायडिंगवर आहे. तिथे लाकडाच्या दोन वाघिणी भरून उभ्या असतील, तेव्हा त्या न्यायला लोकल किती दिवसांनी येते, ते मला पाहायचं आहे.