चाकावर दिसतं एक, आत ठरतं दुसरंच

श्रोतेहो, नमस्कार. कापसाचा चुकारा हाती येण्याचे हे दिवस. पारावर बसलेली तरणी पोरं मोबाइलवर पैसे लावून ‘स्लॉट’ नावाच्या जुगाराची तीन चाकं फिरवतात, तिन्हींवर एकच चित्र आलं की बक्षीस. दोन ‘सात’ जुळतात, तिसरा जरासा वर थांबतो, आणि कोणीतरी म्हणतं, “थोडक्यात हुकलं ना बे!” ते थोडक्यात हुकलेलं नसतं. कसं, ते सांगतो.

१८९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे या कारागिरानं ‘लिबर्टी बेल’ नावाचं यंत्र बनवलं. लोखंडी पेटी, बाजूला दांडा, आत तीन चाकं. पाच सेंटचं नाणं टाकून दांडा ओढायचा. तीन घंटा ओळीत आल्या, की पेटी स्वतःच दहा नाणी बाहेर टाकायची. प्रत्येक चाकावर १० चित्रं, म्हणजे एकूण १,००० जोड्या. फायदा मालकाचाच होता, पण हिशेब निदान चाकावर होता. मोजणाऱ्याला तो मोजता येत होता.

पुढं फळांची चित्रं आली. १९६३च्या सुमारास बॅली कंपनीनं विजेवर चालणारं ‘मनी हनी’ नावाचं यंत्र आणलं, १९७६मध्ये चाकं पडद्यावर गेली. पण खरा पालट १९८४चा. त्या वर्षी इंगे टेलनेस या संशोधकांना अमेरिकेत अशा यंत्राच्या नव्या रचनेचं पेटंट, म्हणजे शोधावरचा हक्क, मिळालं. त्यात चाक फक्त दाखवण्यापुरतं उरलं. निकाल आतला संगणक आकडा काढून ठरवतो.

समजा, समोरच्या चाकावर २२ जागा आहेत आणि मोठ्या बक्षिसाचं चित्र त्यात एकदाच आहे. तीन चाकं धरून आपण म्हणू, १०,६४८ मध्ये एकदा लागेल. पण आत प्रत्येक चाकासाठी ६४ आकडे असतील आणि त्या चित्राच्या वाट्याला एकच आकडा असेल, तर २,६२,१४४ मध्ये एकदा! उरलेले बरेच आकडे त्या चित्राच्या लगतच्या रिकाम्या जागांना देता येतात. म्हणून चित्र सारखं जवळ येऊन थांबतं. ती ‘हुकलेली’ खेळी मुद्दाम घडवलेली असते, आणि माझा राग आहे तो यावरच.

मोबाइलवर तर चाकच नाही, नुसतं चित्र. आतले आकडे कोणी कसे वाटले, हे गावात बसून तपासायची सोय नाही.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५मध्ये मंजूर केला. त्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. तेव्हा घरातल्या पोराचे पैसे असे गेले असतील, तर त्याला मारझोड करू नका. आधी १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन लावा. लवकर लावा, पैसे पुढं सरकण्याआधी.