मुलाम्याखालचं पोलाद

[दृश्य : चिलखत समोरून, पायापासून डोक्यापर्यंत]

इंग्लंडमधल्या ग्रिनिचच्या राजकारखान्यात 1586 च्या सुमारास घडलेलं हे चिलखत आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. कारखान्याचा प्रमुख जेकब हाल्डर, चिलखताचा मालक जॉर्ज क्लिफर्ड, कम्बरलंडचा तिसरा अर्ल, म्हणजे बडा सरदार. ईस्ट इंडिया कंपनीच्या 1600 च्या सनदेत पहिलं नाव याच क्लिफर्डचं आहे.

[दृश्य : सोनेरी पट्ट्या, जवळून]

पट्ट्यांच्या मधे निळसर पोलाद. नक्षीत ट्यूडर राजघराण्याचे गुलाब आणि लिलीची फुलं. शिवाय पाठीला पाठ लावलेली दोन ‘ई’ अक्षरं, राणी एलिझाबेथची खूण. एवढी नक्षी पाहून हे नुसतं मिरवायचं चिलखत वाटेल. पण ग्रिनिचचे कारागीर पोलादाला पाणी देत, म्हणजे लालबुंद पत्रा एकदम थंड करून कडक करत. खरी पंचाईत त्यानंतर होती.

असा पत्रा काचेसारखा ठिसूळ असतो. बेताने पुन्हा तापवला, की चिवट होतो. जास्त तापला, तर पाणी उतरतं, म्हणजे कडकपणाच जातो. आणि सोन्याचा मुलामा तर आगीवरच चढतो. आधी मोरचुदाच्या पाण्याने तांब्याचा पातळ थर द्यायचा, कारण पारा लोखंडाला धरत नाही. त्यावर सोनं-पाऱ्याचा लगदा फासायचा आणि पारा उडेपर्यंत पत्रा तापवायचा. पारा 357 अंशांना उकळतो. त्याची वाफ विषारी. निळा रंग तर 300 अंशांच्या आसपासच येतो, पुढे गेला की करडा पडतो. त्या काळी तापमापक नव्हता. पत्र्याचा बदलता रंग हीच खूण. त्या शतकात इटलीत घडलेल्या कित्येक सोनेरी चिलखतांचं पोलाद मऊच राहिलं आहे. ग्रिनिचने सोनंही चढवलं आणि कडकपणाही राखला, हे त्या कारखान्याचं मोठेपण.

[दृश्य : डाव्या खांद्यावर बसणारा जादा पत्रा]

कडकपणा लागायचा तो इथे. भाल्यांच्या सामन्यात दोन स्वारांमध्ये लाकडी कठडा असे आणि प्रतिस्पर्धी डावीकडून येई. म्हणून डावी छाती आणि खांदा झाकणारा दुसरा पत्रा, डाव्या कोपरासाठी वेगळं कवच. तलवारीच्या सामन्यासाठी उजव्या हाताचा खास पोलादी मोजा : बोटं मुठीवर मिटली, की त्यांचा पत्रा मनगटाशी खिळीत अडकतो. फटका कितीही जोराचा बसला, तरी तलवार हातातून सुटत नाही.