युनियनच्या माणसाला सांगितलेलं

(दृश्य: सरकारी कार्यालयाचा लांब व्हरांडा. बाकावर दोघं, पाठमोरे.)

चौकशीची नोटीस हातात पडली की सरकारी कर्मचारी आधी वकिलाकडे जात नाही. फीच्या आकड्यानेच पोटात गोळा येतो. तो गाठतो युनियनचा प्रतिनिधी. दार लोटलं जातं, चहा येतो आणि प्रतिनिधी म्हणतो, "आता खरं काय झालं ते सांग. माझ्यापासून लपवू नकोस."

मग तो सांगतो. साहेबांसमोर ओठांवर आलं नसतं, तेही.

उद्या त्या प्रतिनिधीलाच साक्षीला बोलावलं तर?

अमेरिकेतल्या अलास्का राज्यात तसंच झालं. राज्य सरकारने एका कर्मचाऱ्याला कामावरून काढलं. युनियनने त्याची तक्रार लढवली, पुढे त्याने कोर्टात दावा लावला. सरकारने युनियनच्या प्रतिनिधीला समन्स धाडलं: फाईल घेऊन या, जबानी द्या. खालच्या कोर्टालाही त्यात वावगं वाटलं नाही.

2012 साली अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. गंमत म्हणजे अशा गुप्ततेबद्दल कायद्यात एक ओळही नव्हती. संघटनेमार्फत दाद मागायचा हक्क दिलाय ना, मग आपल्या माणसाशी मोकळं बोलणं त्यात आलंच, असा न्यायालयाचा रोख.

अर्थात, कॅन्टीनमधल्या गप्पांना हे कवच नाही. बोलणं विश्वासाने झालेलं हवं, शिस्तभंगाच्या किंवा तक्रारीच्या प्रकरणाबद्दल हवं, ऐकणारा प्रतिनिधी म्हणूनच बसलेला हवा. आणि घटना काही झाकली जात नाही. "त्या दिवशी कुठे होतास?" हे कर्मचाऱ्याला खुशाल विचारा. "प्रतिनिधीला काय सांगितलंस?" हे नाही.

(दृश्य: टेबलावर बंद फाईल. तिच्यावर हात.)

कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने 2003 साली, एका खासगी कंपनीच्या खटल्यात, उलटी भूमिका घेतली होती: असं नवं कवच घडवणं विधिमंडळाचं काम, आमचं नव्हे. इलिनॉयच्या विधिमंडळाने ते केलं. तिथे 2006 पासून लेखी कायदा आहे. प्रतिनिधित्व संपलं तरी प्रतिनिधीचं तोंड उघडायला लावता येत नाही. कुणाच्या जिवावर बेतणारा गुन्हा टाळायचा असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

आपल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात वकील-अशिलाच्या बोलण्याला संरक्षण आहे. नवरा-बायकोच्या बोलण्यालाही. युनियनच्या माणसाचा तिथे उल्लेख नाही. विभागीय चौकशीत शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बचाव सहाय्यकाचाही नाही.