तळघराचं फिनिशिंग पायातच ठरतं

मित्रहो, तळघराबद्दलचे प्रश्न बहुतेक वेळा शेवटाकडून सुरू होतात. खाली अभ्यासिका करायची आहे, पीओपी कसं करू, टाइल कुठली लावू, भिंतीला लाकडी पॅनल चालेल का? तोवर भिंत उभी राहून मोकळी झालेली असते. मग दोन पावसाळ्यांत तिला लोणा लागतो, रंगाचे पापुद्रे निघतात आणि कपाटाच्या पाठीला बुरशी धरते. तेव्हा कितीही महागाचा रंग आणला तरी उपयोग होत नाही, कारण चूक रंगात नसते. म्हणून आज अशा पद्धतीबद्दल बोलायचं आहे, जिच्यात पायाची भिंत ओतली की फिनिशिंगची निम्मी तयारी तिथेच झालेली असते. तिचं नाव इन्सुलेटेड काँक्रीट फॉर्म, थोडक्यात आयसीएफ.

जमिनीखालची जागा खानदेशाला नवी नाही. ज्वारीची पेवं आपल्याकडे होती, आणि पेवासाठी जुनी माणसं उंचवट्याची, पाणी न मुरणारी जागा निवडायची. तळघराचा पहिला नियम आजही तोच आहे. भिंत कशाचीही बांधा, पाणी तिच्यापर्यंत पोचण्याआधीच वळवलं पाहिजे. आयसीएफमुळे हा नियम रद्द होत नाही.

आता टेबलावरचा हा ब्लॉक बघा. लांबी १२०० मिलिमीटर, उंची ४००. दोन्ही बाजूंना ६५ मिलिमीटर जाडीच्या थर्माकोलच्या पाट्या आणि मधे २०० मिलिमीटरची पोकळी. हा टीव्हीच्या खोक्यातला भुसभुशीत थर्माकोल नाही. याची घनता घनमीटरला साधारण २४ किलो असते, अंगठा दाबला तरी सहज खड्डा पडत नाही. दोन पाट्यांना धरून ठेवणारे हे काळे प्लास्टिकचे सांगाडे दर २०० मिलिमीटरवर आहेत. त्यांच्या वरच्या खाचांत आडवी सळई बसते. सांगाड्याची कड थर्माकोलच्या पृष्ठभागाच्या जरा आत, उभ्या पट्टीसारखी खालपासून वरपर्यंत जाते. ही पट्टी नीट लक्षात ठेवा, फिनिशिंगच्या वेळी सगळं काम तिच्यावरच होतं. ब्लॉक दात-खाचांनी एकमेकांवर बसतात, पोकळीत सळई आणि काँक्रीट जातं, आणि साचा काढायचा नसतो. तो भिंतीचाच भाग होऊन राहतो.

कॅनडातले कंत्राटदार वर्नर ग्रेगोरी यांनी १९६६ साली अशा ब्लॉकच्या पेटंटसाठी अर्ज केला. तिकडे हिवाळ्यात जमीन जितकी खोल गोठते त्याच्याही खाली पाया न्यावा लागतो. एवढं खणायचंच आहे तर आणखी थोडं खणून तळघर करू, असा तिथला हिशेब. त्यांना थर्माकोल हवा होता थंडी अडवण्यासाठी. आपली गरज वेगळी आहे, आणि हा फरक न समजता माहितीपत्रकातली वाक्यं जशीच्या तशी उचलली तर फसगत होते.

उष्णतेचा हिशेब सरळ आहे. २०० मिलिमीटर काँक्रीटचा उष्णतारोध (आर-मूल्य, जितकं जास्त तितकी उष्णता जास्त अडते) फार तर ०.१२ ते ०.१३, आणि थर्माकोलच्या दोन थरांचा मिळून ३.६ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ तीसपट. पण जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो, तेव्हाही तीन मीटर खोलीवरची माती वर्षाच्या सरासरी तापमानाजवळच असते, साधारण २५ ते २८ अंश. म्हणजे आपल्याकडे खालची जमीन उन्हाळ्यात गारवा देते, आणि थर्माकोल तो गारवाही अडवतो. म्हणून ‘आयसीएफ लावा, तळघर आपोआप थंड राहील’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. उष्णतेचा खरा फायदा दोनच ठिकाणी आहे. जोत्यापासून खाली पहिल्या मीटरभरात, जिथे माती तापते, आणि जिथे तळघरात एसी चालणार आहे तिथे.

खरा फायदा पावसाळ्यात दिसतो. जुलैत हवा दमट होते. उघड्या काँक्रीटची किंवा काळ्या दगडाची भिंत मागच्या मातीइतकी गार असते. दमट हवा तिला लागली की भिंतीला घाम येतो. लोक त्यालाच गळती समजतात आणि आतून वॉटरप्रूफिंगचे हात मारत बसतात. आयसीएफ भिंतीची आतली बाजू खोलीच्या हवेइतकीच उबदार राहते, त्यामुळे घाम धरत नाही, आणि बोर्ड व लाकूड टिकतं. माझ्या मते आपल्या हवामानात ही पद्धत घेण्याचं पहिलं कारण हेच.

दुसरं कारण पाणी, म्हणजे क्युअरिंगचं पाणी, काँक्रीट पक्कं होईपर्यंत ओलं ठेवायला लागतं ते. काँक्रीट दोन्ही बाजूंनी झाकलेलं असल्यामुळे त्यातली ओल आतच राहते. फक्त वरची उघडी कड ओल्या गोणपाटाने झाकायची. एप्रिल-मेमध्ये टँकर मागवून भिंतीवर पाणी मारणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

आता ओतकाम. इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून बघू. समजा तळघराचा घेर ३० मीटर आहे आणि भिंत ३.२ मीटर उंच, म्हणजे ब्लॉकचे आठ थर. एका थराला २५, एकूण २०० ब्लॉक. फुटतूट आणि कापणीसाठी पाच टक्के जास्त घ्या. भिंत ९६ चौरस मीटर आणि काँक्रीट १९.२ घनमीटर. हे ब्लॉक जोडलेल्या स्थितीत आले तर ३२ घनमीटर जागा अडवतात, गाडीभाडं हवेचंच भरावं लागतं. मिटणाऱ्या सांगाड्यांचे ब्लॉक चपटे येतात. बाहेरून माल मागवताना हा प्रश्न आधी विचारा.

पहिला थर बसण्याआधी फुटिंगची, म्हणजे भिंतीखालच्या रुंद काँक्रीटच्या पायाची, वरची पातळी तपासा. तिथे पाच मिलिमीटरची चूक असेल तर आठव्या थरापर्यंत ती ओळंब्यात दिसते. आतल्या बाजूने दर दीड ते पावणेदोन मीटरवर उभा टेकू लावा, त्याला ओळंबा मागे-पुढे करता येईल असा तिरपा आधार हवा. कोपरे आणि ब्लॉक कापून जोडलेले सांधे या कमजोर जागा आहेत. तिथे फोमने चिकटवून वरून प्लायवूडची पट्टी सांगाड्यात स्क्रूने बसवा. ओतताना साचा फुटतो तो बहुतेक वेळा याच ठिकाणी.

का फुटतो? ओलं काँक्रीट द्रवासारखा दाब देतो. एक मीटर भरलं तर तळाशी चौरस मीटरला सुमारे २४ किलोन्यूटन, आणि ३.२ मीटर एका दमात भरलं तर ७७. म्हणून एका फेरीत एक मीटर, जास्तीत जास्त सव्वा मीटर. आपल्या उदाहरणात एक मीटरची पूर्ण फेरी म्हणजे बरोबर सहा घनमीटर, साधारण एका ट्रान्झिट मिक्सरचा, म्हणजे तयार काँक्रीट आणणाऱ्या गाडीचा, माल. तीन फेऱ्या, तीन गाड्या, आणि वरच्या वीस सेंटिमीटरसाठी थोडा माल. स्लंप, म्हणजे ओल्या काँक्रीटच्या सैलपणाचं माप, १२५ ते १५० मिलिमीटर ठेवा. २०० च्या पोकळीत २० मिलिमीटरची खडी चालते, १५० च्या पोकळीत १० ते १२ चीच घ्या. पंपाचा पाइप शेवटी ७५ मिलिमीटर व्यासाचा करा, म्हणजे धार आवरते. काँक्रीट हलवून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची नीडल २५ मिलिमीटरची, झटकन खाली आणि सावकाश वर. साचा न काढल्यामुळे आत पोकळ जागा राहिली तर ती कधीच दिसणार नाही, म्हणून नीडल टाळू नका.

आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. उन्हात माल लवकर ताठरतो. दुसरी फेरी येईपर्यंत पहिली घट्ट झाली तर मधे कोल्ड जॉइंट, म्हणजे एकजीव न झालेला सांधा, पडतो, आणि पाणी नेमकं तिथूनच येतं. ४० अंशांवर ओतकाम करूच नका. पहाटे सुरू करा, रेडीमिक्सवाल्याला रिटार्डर (काँक्रीट उशिरा घट्ट करणारं रसायन) घालायला सांगा, आणि दुसरी गाडी फाटकाशी उभी असल्याशिवाय पहिली रिकामी करू नका. माल घट्ट वाटला म्हणून गाडीत पाणी ओतायचं नाही. स्लंप वाढेल, पण ताकद जाईल.

आता बाहेरची बाजू. थर्माकोल म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. हा तुकडा बघा, यावर पेट्रोलचे चार थेंब टाकतो. फेसाळलं, आणि भोक पडलं. सॉल्व्हंटवालं डांबरी वॉटरप्रूफिंग या भिंतीला लावलं तर हेच होणार. मग वरून चकचकीत काळी दिसणारी भिंत आतून पोखरलेली असते. स्वतः चिकटणारं मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पातळ पडदा) किंवा पाण्यावर आधारित, पॉलिस्टायरीनला म्हणजे थर्माकोलला चालणारं लेपनच घ्या. त्यावर खाचांचा ड्रेनेज बोर्ड, आणि फुटिंगच्या बाजूला १०० मिलिमीटरचा भोकांचा पाइप, भोवती २० मिलिमीटरची खडी, खडीभोवती जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड.

काळी माती ही आपली खरी परीक्षा. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि मृगाचा पहिला मोठा पाऊस मुरत मुरत न येता त्या भेगांतून थेट भिंतीच्या तळाशी उतरतो. मग माती फुगते आणि भिंतीला ढकलते. म्हणून खणलेली काळी माती परत भरायची नाही. भिंतीलगत किमान ६०० मिलिमीटर, जमलं तर मीटरभर मुरूम भरा, २०० मिलिमीटरच्या थरांत दाबून. वर मीटरभर रुंद फरसबंदी, बाहेरच्या बाजूला २०-२५ मिलिमीटर उतार. भराव घाई करून घालू नका, आधी वरचा स्लॅब पडू द्या. स्लॅबच भिंतीला वरून आधार देतो. रावेर-यावलच्या तापीकाठच्या गाळात आणि चाळीसगाव-धुळ्याच्या खडकाळ पट्ट्यात पायाचं डिझाइन सारखं असू शकत नाही. माती तपासून सळई स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच ठरवू द्या.

वाळवी थर्माकोल खात नाही, पण त्यातून बोगदे करून वर चढते. पायात वाळवीरोधक फवारणी आणि जोत्यापाशी थर्माकोल तोडून पत्र्याची पट्टी, दोन्ही हवं.

आता आतलं काम. जिप्सम बोर्ड थेट त्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर स्क्रूने बसतो. वेगळी फ्रेम नाही, त्यामुळे खोलीची जागा वाचते. बोर्ड किमान १२.५ मिलिमीटर जाड आणि ओल सहन करणारा घ्या, तळाशी १२ मिलिमीटर फट ठेवा. थर्माकोल उघडा ठेवायचा नाही, आगीत तो जळतो आणि दाट काळा धूर करतो. भंगार-सामान ठेवायची खोली असली तरी झाकाच. वायरिंगसाठी गरम चाकूने ३०-४० मिलिमीटरची खाच पडते, छिन्नी-हातोडा नको. पण पीव्हीसीची वायर थर्माकोलला चिकटून ठेवली की तिच्या आवरणातलं प्लास्टिसायझर (पीव्हीसी मऊ ठेवणारं रसायन) बाहेर झिरपून आवरण कडक होतं, म्हणून वायर कंड्युइटमधूनच, म्हणजे नळीतूनच. पाण्याचे आणि ड्रेनेजचे मोठे पाइप भिंतीतून जाणार असतील तर त्यांची जागा राखणाऱ्या नळ्या, म्हणजे स्लीव्ह, काँक्रीट ओतण्याआधी बसवा. नंतर कोअर कटिंग केलं, म्हणजे यंत्राने गोल भोक पाडलं, तर मेम्ब्रेन फाटतं. गिझर, टीव्हीचा मोठा स्टँड, पुस्तकांची कपाटं यांचा भार पट्टीवर देऊ नका, थर्माकोल पार करून काँक्रीटमध्ये जाणारे लांब अँकर वापरा.

तळघरात राहती खोली करण्यावर बांधकाम नियमांत बंधनं आहेत. नकाशा मंजुरीला देतानाच वापर स्पष्ट लिहा.

आणि पाइपाचं पाणी जिथे जमतं त्या खड्ड्यातला पंप इन्व्हर्टरवर घ्या. मोठा पाऊस आणि वीज जाणं एकाच रात्री येतं. मे संपायच्या आत खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओता, फ्लोट (पाण्याबरोबर वर येणारा तरंगता स्विच) उचलून पंप सुरू होतो का बघा, आणि मेन स्विच बंद करून पुन्हा एकदा बघा.