भंगारातला बगळा

[भंगाराचा ढीग. कॅमेरा जमिनीलगत. फक्त लोखंडाचा आवाज.]

या ढिगात अजून बगळा नाही. फावड्याची पाती आहेत, मोटारसायकलची चेन आहे, ट्रकचे कमानपाटे आहेत, आणि झाडं छाटायची ही मोठी कात्री. ती आडवी धरली की चोच दिसते. भंगारातून शिल्प करणाऱ्याचं निम्मं काम इथं, ढिगापाशीच होतं. आधी आकार शोधायचा, मग कापायचं. कागदावरच्या चित्राबरहुकूम तुकडे कापत सुटलं, तर तेच शिल्प कोऱ्या पत्र्यातूनही झालं असतं. फावडं बगळ्याच्या अंगावरही फावडंच दिसलं पाहिजे.

[जुनी छायाचित्रं.]

१९४२ मध्ये पिकासोनं सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं मुंडकं केलं. दोनच वस्तू, आणि दोन्ही ओळखू येतात. १९६२ मध्ये अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथ इटलीतल्या व्होल्त्री इथं बंद पडलेल्या कारखान्यांत राहिलेले पत्रे, हत्यारं आणि चाकं घेऊन कामाला लागला. ३० दिवसांत २७ शिल्पं उभी राहिली. सामान समोर पडलेलं असलं आणि नजर तयार असली, की हात असे चालतात.

[चुंबक. मग ग्राइंडर, ठिणग्या अगदी जवळून.]

ढिगातल्या प्रत्येक तुकड्याची जात ओळखावी लागते. चुंबक चिकटला तर लोखंड. पण कोणतं? ग्राइंडर हलकेच टेकवा आणि ठिणग्या बघा. साध्या पोलादाच्या ठिणग्या लांब, सरळ, पिवळसर. कमानपाट्याच्या वाटेतच फुटतात, फुलबाजीसारख्या, कारण त्यात कार्बन जास्त. बिडाच्या आखूड, लालसर, चाकापासून थोड्याच अंतरावर विझणाऱ्या.

साधं पोलाद निमूटपणे जुळतं. कमानपाटा थंड असताना वेल्ड केला, तर काम छान दिसतं आणि थोड्या वेळानं ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. तडा वेल्डमध्ये नसतो, त्याच्या कडेला असतो. भोवतालचं थंड लोखंड तिथली उष्णता झपाट्यानं ओढून घेतं आणि तेवढा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो. म्हणून पाटा आधी २०० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा, ७०१८ क्रमांकाचा कोरडा वेल्डिंग रॉड वापरायचा आणि जोड कोरड्या राखेत पुरून सावकाश निवू द्यायचा. बिडाचा तुकडा असेल तर सरळ भोक पाडून बोल्टनं कसावा. वेल्डिंगचा हट्ट तिथं महागात पडतो.

[शॉक ॲब्सॉर्बर बाजूला ठेवणारा हात.]

हा तुकडा परत जातो. शॉक ॲब्सॉर्बर, इंधनाची टाकी, कुठलंही बंद नळकांडं: आत अडकलेला वायू किंवा तेल तापलं की स्फोट होतो. जस्ताचा मुलामा असलेला पाइपही नको. पोलाद वितळायला १५०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

[चेन धुताना. काळं पाणी.]

चेन मात्र हवीच, ती या बगळ्याची मान आहे. तिच्या कड्याकड्यांत ग्रीस असतं. ते राहिलं तर आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ज्योत, लागताच धूर होतो आणि वेल्डमध्ये बारीक छिद्रं पडतात. आधी डिझेलमध्ये भिजवून ब्रशनं घासायची, मग साबणाच्या गरम पाण्यात, मग कडकडीत वाळवायची. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर इथं कधीही वापरू नये. त्याचा अंश राहिला आणि आर्क लागली, तर फॉस्जीन तयार होतो. तो विषारी वायू आहे.

[टेबलावर खडूनं काढलेली मानेची वळणदार रेघ.]

चेन रेघेवर मांडली जाते. मागून ८ मिलिमीटरची सळई त्याच वळणात वाकवून लावतात. चेनच्या पिना कडक केलेल्या असतात, त्यांवरचा वेल्ड ठिसूळ राहतो, म्हणून भार सळईनं उचलायचा आणि चेननं फक्त दिसायचं. अडीच मिलिमीटरचा रॉड, ८० अँपिअरच्या आसपास, एक कडी सोडून एक छोटा टाका. सलग वेल्ड ओढला तर मान एका बाजूला खेचली जाते आणि खडूची रेघ सोडून उठते. ही पाहा, उठली. टाका कापून पुन्हा बसवावी लागली.

[फावड्याची पाती एकावर एक.]

अंग फावड्यांचं. पातं उलटं ठेवलं की पाठीची गोलाई आयती मिळते, ठोकावं लागत नाही. दांड्याची खोबण शेपटीकडे. कुठल्याशा दगडावर आपटून बोथट झालेली ही कड तशीच ठेवली आहे. पाती वरून खाली कौलांसारखी बसतात, कारण दोन पात्यांच्या फटीत पाणी साचलं की तिथं गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि चांगला वेल्डसुद्धा उचकटून टाकतो. पोटाच्या सर्वांत खालच्या जागी १० मिलिमीटरचं भोक. हे भोक विसरलेली शिल्पं आतून सडतात.

[ओळंबा. शिल्प क्रेनच्या साखळीला टांगलेलं.]

बगळा एका पायावर उभा राहणार. पाय म्हणजे ३२ मिलिमीटरची भरीव सळई. शिल्प एका बिंदूवरून टांगायचं, तिथून ओळंबा सोडायचा आणि दोरीची रेघ खडूनं आखायची. मग दुसऱ्या बिंदूवरून तेच. दोन रेघा जिथं छेदतात तिथं गुरुत्वमध्य, त्याच्या बरोबर खाली पाय. इथं मान पुढं झुकल्यामुळं पाय सुमारे ४ सेंटिमीटर पुढं सरकवावा लागला.

वाऱ्याचा सगळा जोर पायाच्या मुळाशी येतो. तिथं आधाराच्या पट्ट्या लागतातच. बगळ्याला तीन बोटं पुढं, एक मागं. त्याच चार बोटांनी आधाराचं काम केलं आहे.

[चौथरा. नट कसताना.]

तळपट्टी १२ मिलिमीटरची, चार बोल्ट एम १६ चे, म्हणजे १६ मिलिमीटर जाडीचे. प्रत्येक बोल्टवर तळपट्टीखाली एक नट आणि वर एक. खालच्या नटांनी पातळी साधायची, मग खालची अडीच सेंटिमीटरची फट न आकसणाऱ्या ग्राउटनं, म्हणजे फटी भरायच्या सिमेंटच्या मिश्रणानं, भरायची. ग्राउटला बाहेरच्या बाजूनं उतार हवा. हाताला लागतील अशा सगळ्या कडा कानशीनं मारायच्या. लहान मुलं चढणारच, हे धरून चालायचं.

[फवारा. राखाडी लोखंड केशरी होताना, वेळ न तोडता.]

रंग नाही. व्हिनेगर, मीठ आणि ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, मोकळ्या हवेत, लागेल तेवढंच कालवायचं. उरलेलं बाटलीत बंद करू नये, दाब वाढून बाटली फुटते. दोन-तीन फवारे, मग स्वच्छ पाणी, मग उन्हात.

साध्या पोलादाचा गंज आपणहून थांबत नाही, म्हणून वरून मेणाचा हात, आणि तो दर सहा महिन्यांनी. हे चुकलं की चौथऱ्यावर तांबडे ओघळ येतात आणि पातळ पाती आधी जातात.

[पहिला पाऊस. मानेवरून पाणी, कड्याकड्यातून.]

पाणी मानेवरून पाठीवर, पाठीवरून पात्यापात्यानं खाली. आता पोटाखाली बघा.

[भोकातून थेंब. मग दुसरा.]