जादा लोकर विका, टोपड्यांचा खर्च भागवा

नमस्कार! नवजात बाळांसाठी टोपडी विणून रुग्णालयांना देणाऱ्या गटांचं कपाट लोकरीने भरलेलं असतं, तरी टोपड्याजोगी लोकर विकतच आणावी लागते. लोक देतात मोहेर (बकरीच्या केसांची लोकर), झिपऱ्यांची फॅन्सी लोकर, टोचणारे जाड गुंडे. बाळाला हवी मऊ आणि वारंवार धुता येणारी. तेव्हा नको ती विकायची आणि हवी ती घ्यायची. मात्र लोकर कोणी दिलेली असेल, तर आधी त्यांना विचारा: "ही विकून टोपड्यांचा खर्च भागवला तर चालेल ना?" त्यांनी विणण्यासाठी दिलेली असते, म्हणून हे विचारणं टाळू नका.

आता गुंडा हातात घ्या आणि पहिल्यांदा वास घ्या. डांबर गोळ्यांचा वास आला तर तो बाळाच्या कामातून बाद. या गोळ्यांतल्या नॅप्थलीनच्या वाफेने, जी६पीडी या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्या नवजात बाळाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात, कावीळ वाढू शकते. अशी लोकर विकायची असेल तर 'डांबर गोळ्यांत ठेवलेली, बाळाच्या कपड्यांसाठी नाही' असं जाहिरातीतच लिहा. यात तडजोड नको.

धागा उलगडताना तुटत तुटत येतोय, आत वाळूसारखे कण दिसतायत? कसर लागली आहे. तो गुंडा विकू नका. त्याच्याजवळचे गुंडे झिपच्या पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये किमान दोन आठवडे ठेवा. शुद्ध अ‍ॅक्रिलिकला सहसा कसर लागत नाही, पण मिश्र लोकरीला लागते.

लेबल नसेल तर जळण्याची चाचणी करा.

[स्टीलची ताटली, चिमटा, ५ सेंमी धागा कॅमेऱ्याजवळ]

धागा चिमट्यात धरा, ताटलीवर पेटवा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरडली, तर प्राणिज लोकर. वितळून कडक काळा मणी झाला, तर अ‍ॅक्रिलिक किंवा दुसरा कृत्रिम धागा. कागदासारखा जळला, तर सुती. मिश्र धाग्यात खुणाही मिसळतात. अशा वेळी 'अंदाजे मिश्र' एवढंच लिहा. मणी गरम असताना हात लावू नका.

जाडीसाठी पट्टीवर १ इंचात धागा शेजारी-शेजारी गुंडाळा, ताणू नका. ११ ते १४ वेढे बसले तर साधारण डीके (डबल निटिंग, म्हणजे हलक्या-मध्यम जाडीची लोकर), ९-१० बसले तर त्याहून जाड. नुसतं '४ प्लाय' लिहून जाडी कळत नाही. धाग्यात किती पदर आहेत तेवढंच कळतं. ग्राहकाची निराशा इथेच होते.

वजन किचनच्या डिजिटल काट्यावर, पिशवीशिवाय. फोटो खिडकीजवळ, दिवसा, शेजारी पांढरा कागद ठेवून. लाल रंग मोबाइलमध्ये हमखास फसवतो, म्हणून शेड नंबर आणि डाय लॉट (एकाच वेळी रंगवलेल्या गुंड्यांचा क्रमांक) लेबलवरून जसाच्या तसा लिहा. दोन लॉटचे गुंडे एकत्र विकताना ते वेगळे आहेत हे सांगा. स्वेटरच्या मध्यावर रंगाची पट्टी उमटली की पार्सल परत येतं.

किंमत? लेबल शाबूत, न उलगडलेला गुंडा आजच्या दुकानभावाच्या निम्म्याला, लेबल नसलेला तिसऱ्या हिश्श्याला, ही सुरुवात ठीक. एकेक गुंडा विकू नका, टपालखर्चच सगळं खातो. जाडी आणि जात पाहून ४००-५०० ग्रॅमचे गठ्ठे करा.

कुरिअरमध्ये खरी खोच आकारमानाची. बरेच कुरिअर लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५००० करतात. ३०×२५×२० सेंमीच्या खोक्याचं वजन ३ किलो धरलं जातं, आत लोकर १ किलो असली तरी! म्हणून खोकं नकोच. हवा काढलेली प्लास्टिकची पिशवी, वर कापडी किंवा जाड कुरिअर पिशवी. पावसाळ्यात आतली पिशवी सोडूच नका, ओलसर लोकरीला बुरशीचा वास लगेच धरतो.

पैसे यूपीआयने आधी घ्या. 'क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील' असं कोणी म्हणालं तर थांबा: पैसे घ्यायला पिन लागत नाही.

जाहिरातीत 'दान' लिहू नका. ग्राहक वस्तू विकत घेतोय. देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी पावती त्याला मिळणार नाही. 'रक्कम टोपड्यांच्या लोकरीसाठी' असं लिहा आणि एका वहीत विक्री, टपाल, खरेदी असे तीन रकाने ठेवा. डीकेच्या एका टोपड्याला साधारण २५ ग्रॅम लागतात. म्हणजे १०० ग्रॅमच्या गुंड्यात चार टोपडी. खरेदीचं बिल वहीतच चिकटवा, आणि ज्यांनी लोकर दिली होती त्यांना त्याचा फोटो पाठवा.