हिरवा रंग फुकटात मिळू नये

प्रकल्पाचा स्टेटस रिपोर्ट तुमच्यापैकी बहुतेकांनी भरलाय. आणि खरं सांगायचं तर बहुतेकांनी तो रिव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी, मागच्या आठवड्याची फाइल उघडून, नुसती तारीख बदलून भरलाय. हसू नका, मीही भरलाय. आज बोलायचंय ते त्या तारीख बदलण्याबद्दलच. रिपोर्टात प्रत्येक कामापुढे आपण रंग लावतो: हिरवा म्हणजे ठीक चाललंय, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे अडलंय. तारखेबरोबर मागच्या आठवड्याचा हिरवाही पुढे सरकतो. तो कुणी दिलेला नसतो, राहून गेलेला असतो.

रंगांबद्दल याहून जास्त सांगण्यात वेळ घालवत नाही. पण रेल्वेच्या सिग्नलची एक गोष्ट सांगतो. एकोणिसाव्या शतकात रात्री लाल दिवा म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जपून आणि पांढरा म्हणजे रस्ता मोकळा, असा अर्थ होता. दिव्यापुढे रंगीत काच असायची. आता लाल काच फुटून पडली तर काय दिसेल? मागचा उघडा दिवा. म्हणजे पांढरा. म्हणजे 'या, बिनधास्त या'! शिवाय लांबवरचा कुठलाही साधा दिवा सिग्नल वाटायचा, तो घोळ वेगळाच. शेवटी पांढऱ्याची सुट्टी झाली, मोकळ्या रस्त्याला हिरवा मिळाला आणि सावधगिरीला पिवळा. सिग्नल बिघडला तर त्याने 'थांबा' म्हणावं, 'चला' म्हणू नये, हे रेल्वेवाल्यांनी डोक्यात पक्कं बसवलं. आपल्या एक्सेलच्या तक्त्यात ते अजून आलेलं नाही. तिथे माहिती आली नाही, की हिरवा दिसतो.

एक तक्ता मी जपून ठेवलाय. त्यातली एकच ओळ सांगतो. जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये आणायचा, दहा आठवड्यांचं काम. आठ आठवडे हिरवा, नवव्याला लाल. मध्ये पिवळा नाहीच. शेऱ्याच्या रकान्यात 'व्हॅलडेशन चालू आहे' असं लिहिलेलं, म्हणजे डेटा बरोबर आहे का ते तपासणं चालू आहे. 'व्हॅलिडेशन'मधली वेलांटी पडली होती, आणि सलग पाच आठवडे ती तशीच पडलेली होती. पाच आठवडे ती ओळ कुणी वाचली नव्हती, लिहिणाऱ्यानेसुद्धा. नमुन्याचा डेटा हातात आलाच नव्हता, मग व्हॅलिडेशन कशाचं चालू होतं देव जाणे.

तो माणूस खोटारडा होता का? अजिबात नाही. लाल दाखवला की जाब विचारायला तीन जण येतात आणि हात लावायला एकही येत नाही, हे त्याने आधी पाहिलेलं होतं. बाहेरून हिरवं, आतून लाल, अशा प्रकल्पांना आपल्या धंद्यात कलिंगड म्हणतात. पण ते पिकवतं कोण, तर रिव्ह्यूला समोर बसलेले आपण.

फोर्ड कंपनीचा किस्सा यासाठीच सांगितला जातो. २००६ साली अ‍ॅलन मुलाली बोइंगमधून तिथे प्रमुख म्हणून आले आणि त्यांनी दर गुरुवारी रंगीत तक्त्यांचा आढावा सुरू केला. सुरुवातीला सगळ्यांचे तक्ते हिरवेगार. आणि त्या वर्षी कंपनीला तोटा किती? १२ अब्ज डॉलरपेक्षा जास्त. मुलालींनी विचारलं, आपण अब्जावधी गमावतोय, तरी काहीच बिघडलेलं नाही? पुढे मार्क फील्ड्स यांनी 'एज' या नव्या गाडीच्या तयारीपुढे लाल लावला. खोलीत शांतता. मुलालींनी टाळ्या वाजवल्या, आणि या कामात मदत कोण करू शकेल असं बाकीच्यांना विचारलं. हळूहळू बाकीचे तक्तेही रंग बदलू लागले. लोक टाळ्यांचीच आठवण काढतात. मला तो मदतीचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो.

'मग रंग आकड्यावरच ठरवू, माणसावर नको,' असं कुणीतरी म्हणणारच. ठरवा. या तारखेपर्यंत ६० टक्के काम व्हायला हवं होतं, झालं ४२, तर गुणोत्तर ०.७० आलं. ०.९५ च्या खाली पिवळा, ०.८५ च्या खाली लाल, अशा रेषा प्रकल्प सुरू होण्याआधी आखून ठेवा. नंतर आखायला बसलात, तर प्रत्येक जण रेषा आपल्या पायाखाली ओढतो. पण या गुणोत्तरात एक मेख आहे. काम संपत आलं की ते आपोआप १ कडे जातं, कारण अखेर सगळं नियोजित काम झालेलंच असतं. सहा महिने उशिरा संपलेला प्रकल्पही शेवटच्या दिवशी हिरवागार! म्हणून उत्तरार्धात त्यावर भिस्त ठेवू नका, उरलेल्या कामाच्या तारखा बघा.

जाता जाता एक सांगतो: रंगासोबत अक्षरही लिहा. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण दर १२ मागे एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. तुमच्या बैठकीतही असा कुणी असेल आणि तो बोलणार नाही.

आता माझा उपाय. मी चौथा रंग घेतो, राखाडी. दर सोमवारी सकाळी सगळा तक्ता राखाडी करायचा. ज्याला हिरवा हवा त्याने त्या आठवड्यात डोळ्यांनी बघितलेलं काहीतरी दाखवायचं: चाचणीचा निकाल, पोचलेली फाइल, मिळालेली मंजुरी. 'काम चालू आहे' चालणार नाही. काहीच दाखवता आलं नाही, तर राखाडीच राहू द्यायचा. त्यासाठी कुणाला रागवायचं नाही, फक्त फोन करायचा.

तसंच डेटाचं दुसरं काम पुढे आमच्याकडे आलं. तिसऱ्या आठवड्यातही ती ओळ राखाडीच होती, म्हणून मी फोन केला. उत्तर आलं, नमुन्याचा डेटा अजून मिळालेला नाही. ज्यांच्याकडून तो यायचा होता त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, 'आम्ही द्यायचा होता का? आम्हाला कुणी सांगितलंच नाही.' दोन दिवसांत डेटा आला. ओळ पिवळी झाली, आणि तो पिवळा बघून मला जितकं बरं वाटलं तितकं त्या आधीच्या आठ हिरव्यांनी कधी वाटलं नव्हतं.